बोर्डोची पेज

बोर्डो हे एका शहराचं नाव आहे हे मला कळलं, तेव्हा मी अकरावीत होते. तोवर बोर्डो म्हणजे एक रंग होता. पावसाळ्यात अण्णांच्या सदऱ्याच्या बाह्यांवर, बागेतल्या तारांवर, विहिरीच्या कठड्यावर आणि आईच्या नखांत तो असायचा. आकाशी म्हणावा तर जरा हिरवट, आणि वाळला की पांढुरका.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमची साडेतीन एकर द्राक्षबाग. थॉम्पसन. एप्रिलात खरड छाटणी झाली, नव्या काड्या फुटल्या, की पुढे अख्खा पावसाळा पानं टिकवायची, एवढा एकच धंदा. पानं टिकली तर काडी पिकते आणि काडी पिकली तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड निघतात. पानांवर टपून बसलेली असते डावणी, बुरशीचा रोग. पुस्तकात तिला केवडा म्हणतात, औषधाच्या बाटलीवर डाऊनी मिल्ड्यू. पण बागेत कुणी असं बोलत नाही. ‘डावणी आली का रे तुमच्याकडं?’ एवढं विचारताना माणसाचा आवाज खाली येतो, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

तर तिच्यावरचं औषध म्हणजे बोर्डो. रात्री मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचे, खडे फडक्यात बांधून ती पुरचुंडी प्लॅस्टिकच्या पिंपात, पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत ठेवायची. तळाशी टाकले तर खडे तसेच बसून राहतात. सकाळी पाणी निळंशार. दुसरीकडे कळीचा चुना विरवायचा. तो फसफसून तापायचा, आम्हां पोरांना लांब उभं करायचे. मग तो जुन्या लुगड्यातून गाळायचा. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही पाणी तिसऱ्या पिंपात एकदम ओतायची, सारख्या धारेनं. एक बादली आईकडे, एक माझ्याकडे, मधे अण्णा काठीनं ढवळत. ‘धार तोडू नको गं.’ माझ्या दंडाला रग लागायची, पण धार तोडली नाही कधी.

शेवटी विळा. घासून लख्ख केलेलं पातं मिश्रणात बुडवायचं, जरा थांबायचं, वर काढून उजेडात धरायचं. पात्यावर तांबूस झाक आली की चुना कमी पडला, अजून थोडी निवळी ओतायची. अण्णा सातवी शिकलेले. लोखंडावर तांबं का चढतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण तसं पाणी पानावर पडलं तर पान करपतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अकरावीला नकाशाच्या पुस्तकात, फ्रान्सच्या डाव्या अंगाला बारीक अक्षरांत ते नाव दिसलं. सरांना विचारलं तर म्हणाले, वाईनचं गाव आहे. घरी येऊन सांगितलं. अण्णा माळकरी. जेवता जेवता म्हणाले, ‘दारूचं गाव? मग औषधाला बरं नाव दिलंय.’ विषय तिथंच संपला.

पुन्हा निघाला तो वीस वर्षांनी, फ्रान्समधल्या तुलूजमध्ये. कंपनीनं तीन महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं. कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरच्या एका सहकारिणीनं विचारलं, तुझ्या भागात द्राक्षं होतात म्हणे, मग बोर्दो माहीत असेल? मी म्हटलं, हो, लहानपणी बादलीनं कालवायचे. ती बघतच राहिली. मी मोरचूद-चुन्याचं सांगितल्यावर तिला हसू आवरेना. तिच्या आजोबांच्या परसातल्या टोमॅटोंवरही तेच मारायचे. त्यांच्याकडे त्याला ‘बुयी बोर्दलेज’ म्हणतात, बागकामाच्या दुकानात निळी पुडी मिळते. बुयी म्हणजे काय? तर तान्ह्या बाळाला भरवतात ती पेज. म्हणजे बोर्दोची पेज! आम्ही ‘मिश्रण’ असं सरकारी नाव घेऊन बसलो होतो आणि मूळ नाव इतकं घरगुती.

त्या संध्याकाळी मी वाचत सुटले. वाचता वाचता एका विशिष्ट रस्त्यापाशी आणि एका विशिष्ट वाड्यापाशी येऊन थांबले. तो वाडा म्हणजे शातो द्युक्रू-बोकायू. सँ-जूलियाँ नावाच्या गावात, जिरोंद नदीच्या खाडीकडे तोंड करून उभा.

ज्यांना वाईनमधलं कळतं त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मुख्यत्वे मेदोक भागातल्या (सँ-जूलियाँ याच भागात येतं) तांबड्या वाईनची पाच पायऱ्यांची उतरंड लावली, तिच्यात हे घराणं दुसऱ्या पायरीवर आहे. ही उतरंड चव घेऊन लावलेली नव्हती. कुठल्या बागेचा माल वर्षानुवर्षं काय भावानं जातो, ते दलालांच्या वह्यांत होतं, त्यावरून लावली. पिंपळगावच्या मार्केटातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला ही पद्धत लगेच पटेल. दीडशेहून अधिक वर्षं झाली, ती यादी जवळजवळ जशीच्या तशी आहे. एवढं मात्र आपल्या व्यापाऱ्याला पटणार नाही.

बोकायू म्हणजे सुरेख गोटे. त्या आधी या जागेला मोकायू, म्हणजे वाईट गोटे म्हणत, असं सांगतात. धान्य पिकवायला निघालेल्या माणसाला ते वाईटच. वेल लावल्यावर सुरेख झाले. १७९५ मध्ये बर्त्राँ द्युक्रू यांनी ही इस्टेट घेतली आणि आपलं आडनाव पुढे जोडलं. १८६६ मध्ये ती जॉन्स्टन या बोर्दोतल्या वाईन व्यापाऱ्यांच्या घराण्याकडे गेली. १९४१ पासून बोरी कुटुंबाकडे आहे. मालकांच्या या वंशावळीत मला फारसा रस नाही. मला रस होता तो जॉन्स्टनच्या दिवाणजीत. त्याचं नाव एर्नेस्त दाविद.

त्या काळात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर एकामागून एक संकटं आली आणि सगळी अमेरिकेतून. आधी भुरी ही पांढरी बुरशी, १८५० च्या आसपास. तिच्यावर गंधकाची धुरळणी सापडली, जी आमच्याकडे आजही करतात. मग १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा, मुळांवर बसून रस शोषणारी बारीक कीड. तिनं लाखो एकर बागा बसवल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तिकडच्या रानवेलींची मुळं ही कीड सोसतात, तेव्हा खाली अमेरिकी खुंट आणि वर फ्रेंच कलम. अण्णांनी आमच्या बागेत आधी डॉगरीजचे खुंट लावून मग कलमं भरली होती. डॉगरीजही मूळचा टेक्सासकडचा. आपल्याकडे तो किडीवरचा उपाय म्हणून आला नाही. कमी पाण्यात आणि खारवट जमिनीत तग धरतो म्हणून आला. पण युक्ती तीच. आणि मग, हे अमेरिकी वेल बोटीतून आणता आणता त्यांच्या पानांवरून १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये उतरली डावणी.

बोर्दोच्या विद्यापीठात पियेर-मारी-अलेक्सी मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ च्या ऑक्टोबरअखेर ते सँ-जूलियाँच्या बागांमधून चालले होते. त्या वर्षी डावणीनं बागा झोडपल्या होत्या, सगळीकडे वेल बोडके झालेले. आणि यांना दिसलं काय, तर रस्त्याकडेच्या ओळींवर पानं अजून शाबूत! आत बोडकं रान आणि काठाला हिरवी किनार. जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर निळसर पांढरी पूड चिकटलेली. पुढे बोकायूला पोचल्यावर त्यांनी दिवाणजी दाविदना विचारलं, हे काय? दाविद म्हणाले, चोरांसाठी. द्राक्षं पिकायला लागली की येणारेजाणारे घड तोडतात, म्हणून मेदोकमध्ये रस्त्यालगतच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडायची पद्धत आहे. पानांवरचे ते डाग बघून कुणी तोंडात घालायला धजत नाही.

इथं मी लॅपटॉप मिटला आणि एकटीच हसत बसले. आमच्या बागेची एक बाजू रस्त्याला लागून. फेब्रुवारीत मणी पाणी धरायला लागले की शाळेतून येणारी पोरं, सायकलवाले, एकदा तर लग्नाच्या टेंपोतलं सगळं वऱ्हाड. अण्णांनी खताच्या गोणीमागच्या पुठ्ठ्यावर माझ्याकडून लिहून घेतलं होतं, ‘विषारी औषध मारलेले आहे. हात लावू नये.’ औषध मारलेलं नसायचं. पाटी मात्र दरवर्षी नवी. ‘विषारी’मधला ष मी पोटफोड्या नीट काढला नाही म्हणून एकदा पुन्हा लिहायला लावली होती, चुकीच्या अक्षराला चोर भीत नाही म्हणाले.

आमच्या पाटीनं फक्त द्राक्षं वाचली. मेदोकच्या पाटीनं जगभर मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलेलं बुरशीनाशक दिलं. मिलार्दे घरी जाऊन गप्प बसले नाहीत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक युलिस गायाँ यांना जोडीला घेऊन त्यांनी चाचण्या केल्या. बोकायूत आणि जॉन्स्टनच्याच दुसऱ्या इस्टेटीत, लाबार्दच्या शातो दोझाकमध्ये, दाविदनं बाग मोकळी करून दिली. १८८५ मध्ये कृती छापून आली. शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, तीस लिटर पाण्यात पंधरा किलो चुना, आणि शिंपडायला छोटा झाडू. डाव्या हातात बादली, उजव्या हातात झाडू, भटजी दर्भानं शिंपडतात तसं पानांवर शिंपडत जायचं. आमच्या मापापेक्षा कितीतरी दाट; खरोखरच पेज.

आता जाणं भाग होतं. मिलार्देचा मुहूर्त धरून मीही ऑक्टोबरअखेरच गेले. तुलूजहून बोर्दो, तिथून छोट्या गाडीनं पोइयाक, पोइयाकला भाड्याची सायकल. दक्षिणेकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नुसत्या बागा, मधेमधे वाडे आणि कमानी. माझ्या मनात बाग म्हणजे मांडव: डोक्यावर हिरवं छत, खाली गार सावली, दुपारी पोतं टाकून झोपावं अशी. इथं वेल माझ्या कमरेएवढे. मीटरभर अंतरावर एक, ओळीनं, कवायतीला उभे राहिल्यासारखे. हेक्टरी दहा हजार वेल, म्हणजे एकरी चार हजार. आमचे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजारही भरत नाहीत. जमिनीवर मुठीएवढे, अंड्याएवढे गोल गोटे. मातीच दिसत नाही. फार पूर्वी नद्यांनी डोंगरांतून वाहून आणलेले हे गोटे पाणी खाली जाऊ देतात आणि दिवसा तापून रात्री ऊब देतात. मेदोकमध्ये म्हण आहे, चांगल्या वेलीला नदी दिसली पाहिजे. मी टाचा उंचावून बघितलं. दिसत होती, मातकट आणि चांगलीच रुंद. आपल्या गोदावरीला पूर आल्यावर असते तशी.

बोकायूचा वाडा झाडांमागे. मधे बसकी सुबक इमारत आणि दोन्ही टोकांना जॉन्स्टनच्या काळात चढवलेले जड चौकोनी बुरूज. सडपातळ माणसाला मोठ्या खांद्यांचा कोट घातल्यासारखं दिसतं. राहतं घर थेट तळघरावर आहे, खाली पिंपं आणि वर माणसं. आत जायला आधी वेळ घ्यावी लागते, मी घेतली नव्हती. खरं सांगायचं तर आत जायचंच नव्हतं. मला रस्त्याकडेची ओळ बघायची होती.

तिथल्या एका ओळीपाशी सायकल टेकवून उकिडवी बसले. ती ओळ नेमकी कुणाच्या मालकीची, कोण जाणे. तिथं कुंपणं नाहीत, एका घराण्याची बाग कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते ते परक्याला कळत नाही. काढणी होऊन गेलेली. पानं लाल-पिवळी. एक पान उलटं करून पाहिलं, सवयीनं. डावणी पानामागे पांढरी लव धरते. नव्हती. सुलटं केलं. शिरांच्या कडेनं, जिथं पाणी साचून वाळतं तिथं, निळसर पांढरे ठिपके. बोटानं घासले तर बोटाला लागले. मी बोट नाकाशी नेलं. वास बिस काही नव्हता. पण मी बराच वेळ तिथं बसून राहिले, एवढं खरं. फोटो काढले, आठ-दहा, पानाचे.

संध्याकाळी बोर्दोत परतल्यावर एका ठिकाणी महागड्या वाईनचा घोटभर पेला विकत मिळत होता. द्युक्रू-बोकायू, २०१४. अख्खी बाटली माझ्या ऐपतीबाहेरची. घोटभराचेही पैसे देताना दोनदा मोजले. अण्णांची माळ डोळ्यांसमोर आली, तिला मनातल्या मनात नमस्कार केला आणि पेला उचलला.

मला वाईनमधलं कळत नाही, त्यामुळे जे जाणवलं तेवढंच सांगते. पहिला वास शिसपेन्सिलीला टोक काढताना येतो तो. शार्पनरमधून निघालेली ती नागमोडी साल. मग पिकलेली काळी फळं. जिभेवर गोड काही नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तसा तुरटपणा, पण सुखाचा. घोट गेल्यावरही मिनिटभर तोंडात काहीतरी रेंगाळत राहतं. काउंटरमागच्या माणसानं मला गंभीर बघून समजावलं: यात कॅबर्ने सोव्हिन्याँ जास्त, उरलेलं मर्लो. दोन्ही द्राक्षांचे वाण.

हे मिसळणं मला त्याच्यापेक्षा आईनं आधी शिकवलं होतं. थालीपिठाची भाजणी करताना ती ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धने, सगळं वेगवेगळं भाजते. एकत्र घातलं तर धने जळतात आणि डाळ कच्ची राहते. ज्याचं त्याचं भाजून झालं की मग एकत्र, मग गिरणी. मेदोकमध्ये तेच. मर्लो लवकर पिकतं, ते आधी तोडायचं. कॅबर्नेला वेळ लागतो, त्याला थांबायचं. प्रत्येक तुकड्यातला माल वेगळा आंबवायचा, वेगळा ठेवायचा. हिवाळ्यात मालक आणि जाणकार बसून चाखतात आणि ठरवतात, याचं इतकं, त्याचं इतकं. मग सव्वादोनशे लिटरच्या ओकच्या पिंपांत दीडेक वर्ष. कॅबर्ने कणा देतं, मर्लो अंग भरतं. मुळात हा शेतकऱ्याचा विमा आहे. एक वाण उशिरा फुलतो, एक लवकर. थंडीनं किंवा पावसानं एकाचं नुकसान केलं तर दुसरा हात देतो. आणि ही दोघं परकीही नाहीत. जनुकं तपासली तेव्हा कळलं की कॅबर्ने फ्राँ नावाचा जुना वाण दोघांचाही पालक, फक्त दुसरा पालक वेगवेगळा. सावत्र भावंडं. एका पेल्यात सुखानं नांदताहेत, हे सावत्र भावंडांच्या मानानं विशेषच.

आमच्या भागातही कॅबर्ने येऊन गेलं. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं आणि आमच्या शेजारच्या काकांनी दोन एकर वाईनची द्राक्षं लावली. बारीक, जाड सालीचे मणी. काकू म्हणायच्या, हे काय बोरं लावली का. अण्णांनाही विचारलं होतं. त्यांनी माळेला हात लावून नाही म्हटलं. पुढे काही वर्षांनी मंदी आली, करार करणाऱ्यांनी माल उचलला नाही आणि काकांनी ती बाग मुळासकट उपटली. अण्णांना कुणी दूरदर्शी म्हटलं तर त्यांना राग येतो. काकांच्या बागेत जेसीबी चालला त्या दिवशी ते जेवले नव्हते.

पेज फुकट मिळत नाही, हेही खरं. तांबं जमिनीतून जात नाही. बोर्दोच्या जुन्या बागांमध्ये शतकभराच्या फवारणीचं तांबं वरच्या थरात साचून आहे, गांडुळांना आणि मातीतल्या जिवांना ते मानवत नाही. सेंद्रिय शेतीवाल्यांची अडचण तर मोठी, कारण डावणीवर त्यांना चालण्याजोगं भरवशाचं दुसरं फारसं काही नाही. युरोपनं आता हेक्टरी सात वर्षांत अठ्ठावीस किलो तांबं अशी मर्यादा घातली आहे. मिलार्देच्या मूळ कृतीत बादलीमागे किती जात असेल याचा हिशेब मी परतीच्या गाडीत करायला घेतला आणि सोडून दिला.

दिवाळीला घरी गेले. तिकडचं काय आणलं म्हणून पोरं बॅगेत हात घालत होती, चॉकलेटं निघाली. अण्णा ओट्यावर बसले होते. त्या आठवड्यात अवेळी पाऊस झाला होता, बाग पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या कोंबांच्या अवस्थेतून, बाहेर पडलेली, त्यांचं लक्ष सगळं आभाळाकडे. मी शेजारी बसून गोष्ट सांगितली. रस्त्याकडेची ओळ, चोर, दिवाणजी, प्राध्यापक. ते ऐकत होते की नाही कळेना. चोरांपाशी आल्यावर मात्र वळून बघितलं.

‘म्हणजे आपल्या पाटीसारखंच की.’

‘हो ना.’

‘अन् त्या दिवाणजीला काय मिळालं?’

मी म्हटलं, नाव मिळालं, लेखात छापून आलं. औषधाला मात्र गावाचंच नाव पडलं.

‘मालकाला?’

‘त्याची बाग वाचली.’

त्यांनी मान हलवली. मग मी मोबाईलवर फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी पान मोठं केलं, आणखी मोठं केलं, शिरांच्या कडेचे ते ठिपके बघितले. बराच वेळ बघितले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, एवढ्या लांबचं ते पान.

‘चुना जास्त झालाय त्यांचा,’ अण्णा म्हणाले, आणि मोबाईल परत देऊन पुन्हा आभाळ बघायला लागले.